गाडीला आधी तारीख विचार

पुणे

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. वर्कशॉपमध्ये पहिलंच स्वतंत्र काम मिळालं आणि तेही लोटस कॉर्टिनाचं, हे वाचून फार बरं वाटलं. मालक सांगतो गाडी १९६४ ची, लॉगबुकही तेच सांगतं, आणि तुला अहवाल लिहायचाय की कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी नेमकी कशी होती. तू विचारलंयस, "काका, १९६४ च्या लोटस कॉर्टिनाचं ओरिजिनल स्पेसिफिकेशन कुठे मिळेल? एकदा तक्ता हातात आला की एकेक वस्तू जुळवत जाते."

तक्ता शोधायला निघण्याआधी थोडं थांब. १९६४ ची लोटस कॉर्टिना अशी एक गाडी नव्हतीच. त्या एका वर्षात तीन तऱ्हांच्या गाड्या बाहेर पडल्या. वर्षाच्या पहिल्या सहामाहीतली एक, उन्हाळ्यातल्या बदलानंतरची दुसरी आणि ऑक्टोबरमधल्या लंडन मोटार शोच्या सुमाराची तिसरी. तिन्ही पांढऱ्या, तिघींच्या अंगावर हिरवा पट्टा, आणि तिघींची पुस्तकात छापलेली ओळख एकच. तक्ता घेऊन बसलीस तर कुठल्या तरी दोन गाड्यांवर अन्याय करशील. म्हणून गाडीला आधी तारीख विचार. कुठला भाग खरा नि कुठला खोटा, हे त्यानंतर.

ही गाडी जन्माला का आली, हे ठाऊक असलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फोर्डच्या ब्रिटनमधल्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख वॉल्टर हेझ पूर्वी वर्तमानपत्राचे संपादक होते आणि लोटसच्या कॉलिन चॅपमनला तेव्हापासून ओळखत होते. फोर्डला सलून गाड्यांच्या शर्यती जिंकायच्या होत्या. पण ग्रुप टू या वर्गात उतरायचं तर बारा महिन्यांत तशा १००० गाड्या बनल्या पाहिजेत, असा नियम होता. हेझनी १९६२ मध्ये चॅपमनला गळ घातली: लोटसच्या ट्विन कॅम इंजिनाच्या एवढ्या कॉर्टिना बनवून दे. जानेवारी १९६३ मध्ये गाडी जगापुढे आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिला शर्यतीची मान्यता मिळाली. डॅगनहॅमहून फोर्डच्या दोन दारांच्या बॉड्या हर्टफर्डशरमधल्या चेशंटला यायच्या आणि लोटसची माणसं त्यांत इंजिन नि सस्पेन्शन बसवायची. फोर्डच्या लेखी ती कॉर्टिना, लोटसच्या वहीत टाइप २८.

म्हणजे बघ, घरोघरी जाणारी साधी गाडी घेऊन तिच्यात निवडक अवयव बदललेले. इथेच तुझी अडचण आहे. जग्वार ई-टाइपची बॉडी पाहिली की ती दुसरी कुठली गाडी असूच शकत नाही. लोटस कॉर्टिनाची बॉडी मात्र फोर्डच्याच जीटी कॉर्टिनाची सख्खी बहीण. एखाद्या जीटीला पांढरा रंग, हिरवा पट्टा, पुढचे अर्धे बंपर, लोटसची पदकं नि एक ट्विन कॅम इंजिन दिलं की दहा फुटांवरून कोणालाही फरक कळायचा नाही. मूळ गाड्या बनल्या साधारण तीन हजार. आज मूळ लोटसला जीटीच्या कितीतरी पट किंमत येते, त्यामुळे हा उद्योग फायद्याचा आहे.

आता तारखेकडे येऊ. सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन चॅपमनच्या डोक्यातलं. जीटीला मागे पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगा होत्या, आपल्या ट्रकना असतात त्या जातीच्या. त्या काढून त्याने कॉइल स्प्रिंगा घातल्या, अ‍ॅक्सल धरून ठेवायला दोन बाजूंना दोन आर्म दिले आणि मधोमध डिफ्रन्शियलच्या घराला पोटाखालून ए आकाराची एक चौकट जोडली. शर्यतीत हे झकास चाललं. रस्त्यावर मात्र सगळा ताण डिफ्रन्शियलच्या घरावर यायचा, त्याचे बोल्ट सैल व्हायचे, तेल गळायचं आणि ते चौकटीच्या रबरी बुशांत मुरून त्यांची वाट लावायचं. शेवटी जून १९६५ च्या सुमारास कारखान्यानेच ही चौकट सोडून दिली आणि जीटीसारख्या लीफ स्प्रिंगा, वर दोन रेडियस आर्म, अशी सरळ मांडणी घेतली.

त्याआधी १९६४ च्या मध्यावर दुसरा एक बदल झाला होता. सुरुवातीच्या गाड्यांची दारं, बॉनेट नि डिकीचं झाकण यांचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असे, गिअरबॉक्स नि डिफ्रन्शियलची काही घरंही हलक्या मिश्रधातूची असत. मध्यानंतर लोखंडी पत्रा नेहमीचा झाला आणि अ‍ॅल्युमिनियम मागणीवर मिळू लागलं. त्याच सुमाराला एकसंध प्रोपेलर शाफ्टच्या जागी दोन तुकड्यांचा आला आणि अगदी जवळजवळचे गिअर जाऊन रस्त्याला सोसतील असे गिअर आले. मग वर्षाच्या अखेरीस सगळ्याच कॉर्टिनांना मिळालेलं एअरोफ्लो वायुवीजन लोटसलाही मिळालं: मागच्या खांबांवर हवा बाहेर जायच्या जाळ्या, नवा डॅशबोर्ड, आणि पुढे गाडीच्या रुंदीभर पसरलेलं ग्रिल.

हे बदल एका कागदावर तारखांच्या क्रमाने मांड आणि तुझ्या गाडीशेजारी उभी राहा. समजा मागच्या खांबावर जाळ्या आहेत, तर बॉडी १९६४ च्या अखेरीआधीची नाही. जाळ्या नाहीत, पण मागे लीफ स्प्रिंगा आहेत, तर काहीतरी बदललेलं आहे. ते खोटंच असेल असं मात्र नाही. तेलगळतीला कंटाळून अनेक मालकांनी ए-चौकट काढून लीफ स्प्रिंगा बसवून घेतल्या. म्हणजे लीफ स्प्रिंगांवर उभी असलेली सुरुवातीची गाडी अस्सल असू शकते. आणि उलटंही होतं. आज ए-चौकटीची गाडी जास्त मोलाची मानली जाते, म्हणून नंतरच्या गाडीला, अगदी जीटीलासुद्धा, चौकट लावून देणारे आहेत. त्यामुळे स्प्रिंग कुठली यापेक्षा बॉडी काय सांगते ते बघ. कॉइल स्प्रिंगांच्या वरच्या टोकांच्या जागा, आर्मचे ब्रॅकेट, त्यांचं वेल्डिंग, आसपासचा जुना सीलर नि रंगाचे थर यांवर टॉर्च मार. ब्रॅकेट बॉडीबरोबरच म्हातारा झालेला आहे की काल-परवा येऊन बसलाय, हे टॉर्चच्या तिरक्या उजेडात लपत नाही.

डिकी नीट उघडून बघ. लोटसने बॅटरी इंजिनाजवळून काढून डिकीत, मागच्या चाकाच्या बाजूला नेली, म्हणजे वजन मागे जावं. स्टेपनी डिकीच्या जमिनीवर आली. मागच्या सस्पेन्शनचा ताण पेलायला डिकीत आधाराच्या नळ्याही दिल्या. जीटीची बॉडी असेल तर इंजिनाशेजारी बॅटरीच्या जुन्या बैठकीच्या खुणा सापडतात, भोकं बुजवलेली असली तरी. बॉनेट उघडून ट्विन कॅमचं कौतुक करत बसणारे पुष्कळ भेटतील. तुझा बराचसा वेळ डिकीत डोकं घालून आणि गाडीखाली पाठीवर पडून गेला पाहिजे.

लोहचुंबकाबद्दल तू विचारलं आहेस. जरूर वापर, मऊ फडक्यात गुंडाळून. पण त्याने दिलेलं उत्तर निकाल म्हणून लिहू नकोस. दाराला चुंबक चिकटलं नाही तर पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, एवढंच कळतं. तो दरवाजा त्याच गाडीचा आहे, हे कळत नाही. चिकटलं तर? हलका पत्रा थोडक्यात चेपतो. पुढे धडक बसली, हातात आला तो लोखंडी दरवाजा बसवला, असं सर्रास झालंय. आणि मध्यानंतरच्या गाडीला मागणीवरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिळू शकत होता, त्यामुळे नंतरच्या गाडीवर तो दिसला म्हणून लगेच संशयही घेऊ नकोस. चारही ठिकाणची उत्तरं एकत्र लिही आणि बॉडीच्या तारखेशी ताडून बघ.

रंगाचं तसंच. या गाड्या जवळजवळ सगळ्या अर्मिन व्हाइट, अंगावर शेरवुड ग्रीनचा पट्टा. पट्टा रंगवलेला असायचा, चिकटवलेला नव्हे. वरचा रंग कितीदाही बदललेला असेल, पण डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या आतल्या पॅनेलखाली, मागच्या सीटच्या पाठीमागे रंगारी सहसा जात नाही. तिथे पांढऱ्याच्या खाली निळा किंवा लाल सापडला, तर ही बॉडी लोटससाठी निघाली होती का, हा प्रश्न अहवालात आला पाहिजे.

आता इंजिन. त्याला मी मुद्दाम मागे ठेवलं. ते सुंदर आहे, पण या चौकशीत साक्षीदार म्हणून कच्चं आहे. फोर्डच्या पाच बेअरिंगच्या ११६ई ब्लॉकवर हॅरी मंडीने आखलेलं दोन कॅमशाफ्टचं अ‍ॅल्युमिनियम हेड, बोअर ८२.५५ मिमी, क्षमता १५५८ सीसी, दोन वेबर कार्ब्युरेटर, ताकद १०५ बीएचपी. साध्या जीटीची क्षमता १४९८ सीसी आणि ताकद ८० च्या आतच. १५५८ हा आकडा उगाच नाही. शर्यतीचा वर्ग १६०० सीसीला संपत होता आणि ब्लॉक झिजल्यावर पुन्हा बोअर करायला जागा ठेवायची होती. हेच इंजिन लोटस एलानमध्ये होतं, पुढे १९६८ च्या एस्कॉर्ट ट्विन कॅममध्येही गेलं. त्यामुळे ते या गाडीतून त्या गाडीत सहज फिरलं. शर्यतीत धावलेल्या गाडीने तर दोन-तीन ब्लॉक खाल्लेले असणारच. ब्लॉकवरचे ओतीव आकडे, त्यावर ठोकलेला क्रमांक, कार्ब्युरेटरवर ४० डीसीओईच्या पुढे असलेला आकडा, सगळं टिपून घे. इंजिन मूळचं निघालं तर उत्तम, नाही निघालं तर गाडी खोटी ठरत नाही.

ब्रिटिश सरकारचाही हिशेब असाच होता. फेरफार झालेल्या जुन्या गाडीने आपला मूळ नोंदणी क्रमांक ठेवावा की नाही, हे ठरवायला तिथल्या परवाना कार्यालयाने अनेक वर्षं गुणांची पद्धत चालवली. गाडीला आठ गुण लागत. चासी किंवा बॉडीशेलला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. लोक इंजिन नंबर जुळला म्हणून पेढे वाटतात, तेव्हा मला हा एक गुण आठवतो.

कागद सगळ्यांत शेवटी वाच. कागद आधी वाचला की डोळे तोच शोधायला लागतात. तुझ्या गाडीच्या नंबराच्या शेवटी बी अक्षर आहे, म्हणजे ती १९६४ साली रस्त्यावर आली. पण नोंदणीची तारीख ही बनल्याची तारीख नव्हे. गाडी विक्रेत्याकडे महिनोन्महिने पडून राहू शकते. १९६३ च्या शेवटी बनलेली गाडी बी अक्षर घेऊन हिंडत असेल आणि तिच्यावर १९६४ च्या अखेरीचा डॅशबोर्ड चढवून कुणी तिला "दुरुस्त" केलेलं असेल. फोर्डच्या चासी क्रमांकात प्रकार, वर्ष आणि महिना यांच्या खुणा असतात, ती तारीख नोंदणीपेक्षा जास्त विश्वासाची. पण क्रमांकाची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि रिव्हेट काढून पुन्हा मारणं हे पाच मिनिटांचं काम. रिव्हेट जुने आहेत का, पट्टीखालचा रंग नि बाजूचा रंग एकच आहे का, हे बघ. १९७० च्या दशकापर्यंत नोंदणी काउंटी कौन्सिलकडे होती. त्यांच्या काही वह्या अभिलेखागारांत शिल्लक आहेत आणि त्यांत पहिल्या नोंदणीच्या वेळचा चासी क्रमांक सापडू शकतो. मिनी कूपर एस असती तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून, जग्वार असती तर जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळाला असता. तुझ्या गाडीला दोन कंपन्यांनी मिळून घडवलं, म्हणून जुने फोटो, गॅरेजची बिलं, शर्यतींच्या छापील कार्यक्रमपत्रिका यांची गोधडी तुलाच जोडावी लागेल.

एक खटला तुला ठाऊक असायला हवा. ओल्ड नंबर वन नावाची बेंटली स्पीड सिक्स ल मान्सची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकली. १९२९ मध्ये वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन तिच्यात होते, १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. नंतर ती शर्यती खेळत राहिली आणि चासी, इंजिन, बॉडी सगळं टप्प्याटप्प्याने बदलत गेलं. पुढे एका कंपनीने १ कोटी पौंडांना ती घ्यायचं कबूल केलं आणि मग ही ती गाडीच नव्हे म्हणून हात आखडला. १९९० मध्ये लंडनच्या हाय कोर्टात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ सालचं तिच्यात जवळपास काहीच उरलेलं नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ती कधी मोडीत निघाली नाही, तिचा जीवनक्रम कुठे तुटला नाही, नवे भाग तिच्यात हळूहळू मिसळत गेले, म्हणून ती खरी ओल्ड नंबर वनच, असं त्यांनी ठरवलं आणि विकणारा जिंकला.

यातून तुझ्या अहवालासाठी एक धडा घे. ही गाडी कोण, आणि ही गाडी मुळात कशी होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर अखंड इतिहासातून मिळतं, दुसऱ्याचं तारखेतून. एक गाडी पूर्णपणे खरी असूनही मूळ रूपात नसेल. दुसरी मूळ तपशिलांनी मढलेली असून मुळात जीटी असेल. हे दोन प्रश्न एकात मिसळले की विकणाऱ्याचं फावतं.

म्हणून अहवालात तीन भाग स्वच्छ वेगळे ठेव. मी डोळ्यांनी पाहिलं ते. त्यावरून मी अनुमान काढलं ते, कारणासकट. आणि मला मालकाने सांगितलं ते. "गाडीला मूळचा अ‍ॅल्युमिनियमचा दरवाजा आहे" असं लिहू नकोस. "डावा दरवाजा अ‍ॅल्युमिनियमचा, बिजागरीजवळ जुना पांढरा रंग, बॉडीवरच्या रंगाशी जुळणारा" असं लिही. पहिलं वाक्य मालकाला आवडेल. दुसरं वाक्य वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

आणि गाडी सोलायला वर्कशॉपच्या हाती जाण्याआधी हे सगळं टिपून, फोटो काढून ठेव. नाव घातलेलं पितळी भांडं घासता घासता वरचं नावच पुसून टाकावं, तसं रेस्टोरेशनच्या नावाखाली पुष्कळदा होतं. सीलर खरवडला, रंग वाळूने उडवला, ब्रॅकेट नवे केले की गाडी लखलखते खरी, पण तिची साक्ष कायमची गेली. त्यातून मालकाला जिम क्लार्कची गाडी हवी असते. १९६४ ची ब्रिटिश सलून चॅम्पियनशिप क्लार्कने लोटस कॉर्टिनातूनच जिंकली, वळणावर पुढचं आतलं चाक हवेत उचललेलं, ते चित्र सगळ्यांच्या मनात आहे. त्यामुळे शहाणी, रस्त्यावरची गाडीसुद्धा शर्यतीच्या वेषात सजवली जाते. तुझ्या गाडीने शर्यत खेळली नसेल तर तिला खेळाडू करू नकोस. ती दळण-किराणा आणायला जायची असेल तर तेही तिच्या इतिहासात बसतं.

तुझं शिक्षण संपल्यावर इकडे यायचा विचार आहे म्हणतेस, तर हेही ध्यानात ठेव. आपल्याकडे २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. मोठा फेरफार झाला की नाही हे सांगायचं तर मूळ काय होतं हे आधी ठाऊक असावं लागतं. ते सांगू शकणारी माणसं इथे थोडी आहेत. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत जुन्या ब्रिटिश गाड्या अजून आहेत आणि त्यांच्याविषयी गाडीमागे चार दंतकथाही आहेत.

तेव्हा पुढच्या आठवड्यात तक्ता घरी ठेव, टॉर्च, आरसा, चुंबक आणि वही घेऊन जा. बॉडीची तारीख आधी ठरव, मग प्रत्येक भागाला त्या तारखेपुढे उभा कर. जिथे पुरावा थांबतो तिथे तूही थांब, मालक कितीही गोड बोलला तरी. अहवालाची एक प्रत मला पाठव. मी लाल पेन्सिल घेऊन बसलोय.

तुझा,
आप्पाकाका